घाम वाळला पाहिजे

मे महिना. दुपारचे दोन वाजून गेलेत. बदलापूर स्टेशनच्या फलाटावर तुम्ही उभे आहात आणि सावलीचा एवढासा पट्टा जसा सरकतो तसे खांबामागून सरकताय. पुलावरून जिना उतरून आलात, तेवढ्यानंच शर्ट पाठीला चिकटलाय. कानशिलावरून एक थेंब निघाला, गालावर रेंगाळला आणि हनुवटीवरून टपकला. हा थेंब वाया गेला. एवढं लक्षात ठेवा. आपण हजार वर्षं मागे जाऊन याच फलाटावर परत येणार आहोत, तेव्हा त्याचा हिशेब लागेल.

तो थेंब सुटला कुणाच्या हुकमानं? दोन्ही डोळ्यांच्या मधोमध बोट टेकवा. तिथून सरळ आत, मेंदूच्या तळाशी, साधारण बदामाएवढा एक भाग आहे. हायपोथॅलॅमस. अख्खा मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, त्यात हा जेमतेम चार ग्रॅमचा. त्याच्याजवळून वाहणारं रक्त किती गरम आहे आणि किती दाट आहे, हे तो सतत चाचपत असतो. कातडीकडून आणि पोटातून बातम्या येतात त्या वेगळ्याच. मग तो हुकूम सोडतो. तातडीचा हुकूम मज्जातंतूंतून जातो, सबुरीचा रक्तातून. रक्तातून जाणाऱ्या हुकमाला आपण हार्मोन म्हणतो. तुम्ही झोपलेले असा, भांडत असा किंवा गाडीची वाट बघत असा, शरीर सदतीस अंशांच्या आसपास ठेवायचं, हे त्याचं काम आहे.

लोकल आली. चढा. डब्यातला पंखा गरम हवाच फिरवतोय. वरून ओळखीचा आवाज येतो: पुढील स्टेशन अंबरनाथ.

उतरताय तर पायाखाली फलाट नाही, तापलेली माती आहे. रूळ नाहीत, तारा नाहीत. वालधुनी नदी समोर आहे आणि तिचं पाणी स्वच्छ आहे, तळाचे गोटे दिसतात. टाक्यांचा आवाज येतोय, एका लयीत, शेकडो हातांचा. शिलाहार राजा छित्तराजानं आरंभलेलं शिवमंदिर मुम्मुणीच्या कारकिर्दीत पुरं होतंय. आत कोरलेल्या लेखात शक असेल 982, म्हणजे इसवी सन 1060.

तुम्ही पाथरवटाच्या हाताखाली आहात. समोर काळा दगड, सह्याद्रीचा बेसाल्ट, उन्हानं इतका तापलेला की तळवा टेकवत नाही. हातोडा उचला. नुसतं बसलेलं माणसाचं शरीरही शंभर वॉटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता टाकत असतं. दगड फोडताना ती चौपट-पाचपट होते. ती बाहेर गेली नाही तर तासाभरात माणूस आडवा होईल.

दहा-बारा घाव झाले. रक्त अंशाच्या काही दशांशांनी तापलं आणि तेवढ्यावरच हायपोथॅलॅमसला वर्दी पोचली. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतली उष्णता रक्ताबरोबर वर येते, चेहरा लाल होतो. मग अंगभर पसरलेल्या वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी उघडतात. शेजारच्या पाथरवटाच्या पाठीकडे बघा. घाम चकाकतो आणि नदीवरून झुळूक आली की सुकतो. सुकल्यावर खांद्याच्या हाडाजवळ मिठाची पांढरी रेघ उरते. ती रेघ म्हणजे काम झाल्याची पावती. एक लिटर घाम कातडीवर पुरा वाळला तर तो शरीरातून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तरच. टपकलेला घाम काहीच नेत नाही.

आता घसा कोरडा पडलाय. रक्त एक-दोन टक्क्यांनीच दाट झालं, पण हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी तेवढ्यावर आक्रसतात आणि दोन गोष्टी एकदम घडतात. तुम्हाला तहान लागते. आणि तिथेच तयार होणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन खालच्या पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात उतरतं. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी सोडू नका. म्हणून उन्हात राबणाऱ्याची लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. शरीर प्रत्येक घोट राखतंय. कुणीतरी मीठ घातलेलं ताक पुढे करतं. तुम्ही घटाघटा पिता, आणि ताक अजून रक्तात पोचलंही नाही तोच तहान शमते. घशातून गेलेल्या घोटांची खबर मेंदूला आधीच मिळालेली असते.

सूर्य डोक्यावर आला की टाक्या थांबतात. कुणी नियम वाचून दाखवत नाही. माणसं झाडाखाली जातात, कारण अंग मागतं. तुम्ही मात्र मंडपातून पुढे व्हा. गाभाऱ्यात जायला वर चढायचं नाही, खाली उतरायचं आहे, वीसेक पायऱ्या. प्रत्येक पायरीला हवा गार होत जाते. तळाशी पोचेपर्यंत ओल्या पाठीवर शहारा येतो आणि हातावरचे केस उभे राहतात. तापलेल्या रक्ताची वर्दी अजून पुरती थंडावलेली नाही, तेवढ्यात कातडीनं गारव्याची बातमी दिली आणि हुकूम फिरला. आपल्या आदिम पूर्वजांच्या अंगावर दाट केस होते, तेव्हा ते फुलवून ऊब धरता यायची. केस गेले, हुकूम राहिला. काळ्या दगडाच्या त्या अंधारात माणसाला जे वाटतं ते नुसतं गारव्यानं वाटतं असं मी म्हणणार नाही. पण तो काटा कुठून आला ते आता तुम्हाला माहीत आहे.

पायऱ्या चढून वर या आणि पुढच्या स्टेशनावर चला. इथे आपल्याला जरा जास्त थांबायचं आहे.

1948. वैशाख. कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, रांगाच्या रांगा, आणि त्यांत सिंधमधून आलेली माणसं. कराचीहून बोटीनं मुंबई, तिथून इथे. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबं राहतात आणि दोन संसारांच्या मधली भिंत म्हणजे गोणपाटाचा पडदा. तुम्ही या पडद्याच्या अलीकडे बसलाय. शेजारी एक म्हातारी आहे, सिंधमधल्या हैदराबादची. तिच्या गावी उन्हाळा इथल्यापेक्षा कितीतरी कडक. पण तिथे गच्च्यांवर वारा पकडणारे उंच झरोके होते, तो वारा त्यातून थेट खोलीत उतरायचा. पारा चढायचा आणि घाम दिसायच्या आधी उडून जायचा. इथे पारा त्यामानानं कमी आहे आणि तरी ती सकाळपासून पदरानं मान पुसतेय. तिला कळत नाही, हे काय चाललंय.

त्याचं उत्तर माठात आहे. मे महिन्यात माठ पाझरतो, बाहेरचा ओलावा वाळतो आणि आतलं पाणी गार होतं. तोच माठ श्रावणात भरून ठेवा. बाहेरून ओला राहतो, पाणी मात्र कोमटच. हवा आधीच ओलीचिंब असली की ती आणखी ओल घेत नाही. माणसाची कातडी म्हणजे माठच. सिंधच्या कोरड्या हवेत म्हातारीचा माठ गार राहत होता. खाडीच्या आणि उल्हास नदीच्या मधल्या या दमट पट्ट्यात हायपोथॅलॅमस हुकूम सोडतोय, ग्रंथी घाम ओततायत आणि तो नुसता ओघळतोय. मग आतून आणखी हुकूम, आणखी घाम. शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता तिथेच राहते.

तरी शरीर हरत नाही. सलग दहा-पंधरा दिवस उन्हात वावरलं की ते शिकतं. घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मीठ राखायचं काम मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं अल्डोस्टेरॉन करतं. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, हृदय सावकाश चालतं. फक्त या शिकण्याला पाणी लागतं, भरपूर. आणि कॅम्पात पाण्याला रांग आहे.

रांगेत तुमच्यापुढे एक मराठी बाई आहे, जवळच्या गावातली. म्हातारीला तिची भाषा येत नाही, तिला म्हातारीची नाही. म्हातारी रिकामं भांडं पुढे करते आणि म्हणते, "पाणी." बाई चमकून बघते. सिंधीतही शब्द तोच आहे, तसाच, णकारासकट. ती म्हणते, "घ्या आजी, आधी तुम्ही भरा."

या बराकीत आणखी एक गोष्ट चाललीय, डोळ्यांना न दिसणारी. घर गेलं, वाटेत काय काय बघितलं, उद्याचं ठाऊक नाही. हायपोथॅलॅमस हेही मोजतो. तो सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, पिट्युटरी एसीटीएच सोडते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते. वाघ समोर आला असता तर हे दहा मिनिटांचं काम होतं. महिनोन् महिने चाललं तर झोप उडते, जखम भरायला वेळ लागतो. उपासमार आणि धास्ती लांबली की हायपोथॅलॅमस बीजकोशांकडे जाणारा निरोपही आवरता घेतो आणि बाईची पाळी थांबू शकते. ही वेळ बाळंतपणाची नाही, असं शरीर आपल्या परीनं ठरवतं. ज्या बायकांनी हे कुणाला सांगितलं नाही, त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. सगळ्यांनी म्हटलं असेल, मनाला लावून घेतलं. मनाला लागलेलं मेंदूच्या तळापर्यंत पोचलं होतं.

आता त्याच बराकीत पावसाळा. पडद्यापलीकडे एक पोरगा कुडकुडतोय. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजतात. अंगाला हात लावा: चटका बसतो. अंग भाजतंय आणि पोराला थंडी वाजतेय, हे कोडं प्रत्येक आईनं बघितलेलं असतं. हिवतापाचे जंतू तांबड्या पेशी फोडून बाहेर पडले की रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तात इशारे सोडतात. त्यातून मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस आपली खूणच वर सरकवतो, सदतीसवरून साडेएकोणचाळीसवर. सदतीस अंशांचं अंग आता त्याच्या लेखी थंड आहे. मग कातडीच्या रक्तवाहिन्या आवळायच्या, स्नायू थडथडवायचे, ऊब गोळा करायची. हुडहुडी ती हीच. काही तासांनी खूण खाली येते. आता तेच अंग जास्त तापलेलं ठरतं, पोरगा गोधडी लाथाडतो आणि त्याला दरदरून घाम फुटतो. "घाम आला, ताप उतरला," असं आजी म्हणते आणि ती शब्दश: बरोबर असते. देशाची हिवताप नियंत्रण मोहीम सुरू व्हायला अजून पाच वर्षं आहेत, 1953 पर्यंत. तोवर आईच्या हाती कोयनेल आणि ओली पट्टी.

8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी इथे कोनशिला बसवतात आणि कॅम्पाला गावाचं नाव मिळतं: उल्हासनगर.

बाहेर उभं राहून एक क्षण जग बघून घ्या. 1951, अमेरिकेतलं येल विद्यापीठ. फाळणीपूर्व लाहोरात जन्मलेले बाळकृष्ण आनंद जॉन ब्रोबेक यांच्यासोबत उंदरांवर प्रयोग करतायत. हायपोथॅलॅमसच्या बाजूचा एक बारीक भाग निकामी केला तर उंदीर अन्न समोर असून खात नाही. भुकेचं ठाणं सापडलं. हे आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. उन्हाळ्यात भूक मरते आणि थंडीत दोन भाकऱ्या जास्त जातात, त्यामागे हाच शेजार आहे. आणि 1969: रॉजर गिलमन मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली डुकरांचे मेंदू कत्तलखान्यांतून जमवत आलेत, लाखोंनी. चुरस अशी की दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्या ढिगातून हाती लागतं ते चिमूटभरही नसलेलं टीआरएच, थायरॉईडला जागं करायला हायपोथॅलॅमस सोडतो ते हार्मोन. 1977 चं नोबेल दोघांना रोझॅलिन यॅलो यांच्यासोबत मिळालं. मेंदू पिट्युटरीला हुकूम सोडतानाही रक्त वापरतो, याचा पुरावा त्या टीआरएचनं हातात आला.

परत फिरा. 26 जुलै 2019 ची रात्र. तुम्ही मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये आहात. बदलापूर सोडलंय, वांगणी आलेलं नाही आणि गाडी थांबलीय. उल्हास नदी रुळांवर आलीय. खिडकीतून हात काढला तर अंधार आणि पाण्याचा आवाज. दारातून सपकारे येतायत, कपडे ओले झालेत, खायला काही उरलेलं नाही. हवा चोवीस-पंचवीस अंशांची असेल. एरवी हिला कुणी थंडी म्हणणार नाही. पण ओला कपडा आणि वारा अंगातली ऊब ओढून नेतात. दुपारी जे वाळणं जीव वाचवतं, तेच आता उलटलंय. पहाटे चारच्या सुमारास शरीराचं तापमान रोजच सगळ्यात खाली असतं, हायपोथॅलॅमसमधल्या घड्याळानं तसं ठरवलेलं आहे. नेमके तेव्हाच तुम्ही कुडकुडू लागता. हे कुडकुडणं अंगातली उष्णता कितीतरी पटीनं वाढवतं.

समोरच्या बाईच्या मांडीवर तान्हं बाळ आहे. ते कुडकुडत नाही. म्हणून त्याला थंडी नाही असं समजू नका. तान्ह्या बाळाला हुडहुडी भरत नाही. त्याच्या खांद्यांच्या मागे तपकिरी चरबीचा साठा असतो आणि हायपोथॅलॅमसच्या हुकमानं तीच चरबी जळून ऊब देते. साठा मोजकाच असतो. बाईला सांगा, बाळाचे ओले कपडे काढून त्याला उघड्या छातीशी धरा आणि वरून कोरडं काही पांघरा.

उजाडल्यावर एनडीआरएफच्या बोटी येतात, आजूबाजूचे गावकरी येतात. सुमारे 1,050 प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्यांत नऊ गरोदर बायका होत्या. कळा आणणारं आणि पुढे दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन त्याच चार ग्रॅमांत तयार होतं, व्हॅसोप्रेसिनच्या शेजारी.

आणि हा पुन्हा फलाट. मे महिना, अडीच वाजत आलेत. बाकावर बसलेली पन्नाशीची बाई एकाएकी लालबुंद होते, पदरानं वारा घेते. तिचा उकाडा आणि तुमचा उकाडा वेगळा आहे. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन उतरतं आणि हायपोथॅलॅमसला चालणारी तापमानाची मोकळीक अरुंद होते. अंशाच्या तीन-चार दशांशांनीही तो घाबरून सगळ्या ग्रंथी उघडतो. जानेवारीतही, रात्री दोन वाजताही. "काय हो काकू, एवढं गरम होतंय?" असं हसत विचारू नका. गाडी आली की खिडकीची जागा द्या.

तुमचा टपकलेला थेंब आता मोजूया. हवेत इतकी ओल आहे की तो वाळला नाही, म्हणून वाया गेला. आपल्या हवामान खात्यानं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला 40 अंशांची अट घातलीय आणि किनाऱ्याला 37 ची, ती याच ओलीमुळे. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर एका सोहळ्यासाठी भर दुपारी लाखो लोक बसले होते. पारा चाळिशीच्या आतच होता. 14 जण दगावले. त्यांचा हायपोथॅलॅमस पाथरवटाच्या हायपोथॅलॅमसपेक्षा कमी कुवतीचा नव्हता. हजार वर्षांत त्यात काही बदललेलं नाही. बाहेरची सावली, वारा, पाणी आणि दुपारची विश्रांती, ही माणसांनी माणसांना द्यायची असतात.

खांबाजवळ हमाल बसलाय बघा. मघाशी त्याच्या डोक्यावर दोन पेट्या होत्या. आता तो काहीतरी असंबद्ध बोलतोय, रागावल्यासारखा, आणि तुम्ही "दादा" म्हणून हाक मारली तर बघत नाही. अंगाला हात लावा, तव्यासारखं आहे. हा ताप नव्हे. तापात हायपोथॅलॅमसनं स्वत: खूण वर नेलेली असते, इथे खूण सदतीसवरच आहे आणि तो हरलाय. म्हणून तापाची गोळी देऊ नका, ती इथे काही करत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासात जाईल. एकानं 108 ला फोन लावायचा. दुसऱ्यानं त्याला सावलीत ओढायचं, सदरा काढायचा, अंग भिजवायचं आणि वर्तमानपत्रानं, पुठ्ठ्यानं, जे मिळेल त्यानं जोरात वारा घालायचा, म्हणजे त्याच्या ग्रंथींनी जे केलं असतं ते आपण बाहेरून करायचं. सरबतवाल्याकडे बर्फ आहे, तो मानेशी आणि काखांत धरायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही.

तुमच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे. ती त्याच्या डोक्यावर आणि छातीवर रिकामी करा.